सातवा ठोका

देवाने कान सगळ्यांना दिले, पण ते कशासाठी दिलेत हे त्याने फक्त माझ्या भाडेकरूला सांगितले होते. हा भाडेकरू स्वित्झर्लंडचा. तिकडे मोठमोठ्या सभागृहांत त्याने रचलेले संगीत वाजते. लातूरला एका लग्नाला जाताना त्याची बस औशाजवळ आमच्या गावात थांबली, त्याला माझ्या पिठाच्या गिरणीचा आवाज आला आणि गडी तिथेच उतरला. बॅग एकटीच लग्नाला गेली. हा गिरणीच्या माडीवर पाच महिने राहिला.

आमच्याकडे लाइट सारखी जाते, म्हणून मी तेलावरचे जुने इंजिन ठेवले आहे. दळण सुरू झाल्याचे शिवारापर्यंत कळावे म्हणून धुराड्याच्या तोंडाला पत्र्याचा डबा बसवलाय, तो कुक् कुक् ओरडतो. याच आवाजावर तो संगीत लिहीत होता. बाकीचे आवाजही तो सोडत नसे. हॉटेलात चहाचे पाच ग्लास मागवून प्रत्येकातला कमी-जास्त पिऊन चमच्याने वाजवायचा. रेणापूरच्या बसची घरघर ऐकत उभा राहायचा आणि बस निघून जायची. एकदा दळणाच्या रांगेत दोघी कडाडून भांडल्या. याने ते भांडण वहीत उतरवले आणि हात जोडून म्हणाला, "मावशी, परत. पण हळू." मावशी कडाडल्या, "भांडण काय तुझ्या बापाची पेटी हाय व्हय रे, परत वाजवायला?" तेही त्याने लिहून घेतले. मराठी तो या रांगेतच शिकला, म्हणून बोलायचा आमच्यासारखेच.

आता खरे सांगतो, कारण गावात अजून म्हणतात की गोऱ्याला नसलेले आवाज ऐकू यायचे.

माझे इंजिन सहा ठोके सरळ देऊन सातव्याला अडखळायचे. तो इंजिनाकडे बोट दाखवून हसायचा, "आप्पा, हितंच हाय!" मला वाटायचे, हा माझ्या इंजिनाला हसतोय. पुढे त्याच्या देशातून दोघे आवाज टिपायला यायचे ठरले. तो त्यांना आणायला हैदराबादला गेला. पाहुण्यांपुढे आपले इंजिन अडखळणार, याची मला लाज वाटली. मी रेणापूरचा मिस्त्री बोलावला. इंजिन घड्याळासारखे चालू लागले.

तो पाहुण्यांना घेऊन आला, डब्याजवळ कान नेला, बोटांवर ठोके मोजले. परत मोजले. "आप्पा, सातवा कुठं गेला?"

पाहुणे बघत होते. मी म्हणालो, "कसला सातवा? पहिल्यापासून असंच चालतंय."

माझी अब्रू राखायला रांगेतल्या बायाही बोलल्या, "हाव की, असंच."

दुसऱ्या दिवशी तो लातूरला कानाच्या डॉक्टरकडे गेला. कानातून चिमूटभर पीठ निघाले. कान ठणठणीत होते. तरी परतल्यावर म्हणाला, "मग चूक माझीच." लाल पेन्सिल घेऊन बसला आणि वहीतला एकेक सातवा खोडू लागला. पानांमागून पाने. मी शेजारी बसून पेन्सिलीला टोक करून देत होतो.

तो गेल्यावर मी मिस्त्रीला परत बोलावले. म्हटले, "होतं तसं बिघडव." तो म्हणाला, "आप्पा, नीट करायला शिकलोय. बिघडवायचं कुणी शिकवलंच न्हाई." तरी खटपट केली. आता ते कधी पाचव्याला अडखळते, कधी नवव्याला. सातवा काही आला नाही.

तिकडच्या कार्यक्रमाचे रेकॉर्डिंग त्याने मोबाइलवर पाठवले आहे. सगळे ठोके सरळ, शेवटी टाळ्या. मी ऐकतो, मोजतो, आणि सातव्याला माझाच श्वास तेवढा अडखळतो.

त्याला मराठी वाचता येत नाही, म्हणून हा कागद फोनवर वाचून दाखवायचे ठरवले आहे. इथवर लिहिल्यापासून त्याचा दोनदा फोन येऊन गेला. दोन्ही वेळा त्याने आधी इंजिनाची खुशाली विचारली, "आप्पा, सरळ चालतंय न्हवं?"

कागद हातातच होता. मी "हाव" म्हणालो.