टेपबाईंचा डोह

आमच्या टेपबाईंना पोहता येत नव्हतं, आणि अर्धी हयात त्यांनी नदीत काढली. गळ्यात शिंप्यासारखी टेप, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, उंची जेमतेम माझ्या खांद्याएवढी. कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या. मी मुकुंदवाडीची, नुकतीच एम.एस्सी. झालेली. त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा आई म्हणाली, "मासे मोजायला पगार देतेत व्हय?"

मासे नाही गं आई, माशांचं घर मोजायचं! पैठणच्या खालच्या अंगाला गोदावरीत महाशीर मासा संपत चाललेला. त्याला पाणी किती खोल लागतं, किती वेगाचं, तळाशी गोटे हवेत की वाळू, ते ठाऊक होतं. नदीत तसं कुठं मिळतं हे जागोजाग मोजायचं आणि संगणकावर नकाशा उभा करायचा. बाईंचा दंडक एकच: पाण्यात शिरायचं ते खालच्या बाजूनं, प्रवाहाच्या उलट. कुणी वरून उतरून पाणी गढूळ केलं की ओरडायच्या, "अगं, लोकांच्या घरात चिखल उडवत शिरतेस? पाहुण्यासारखी ये जरा!"

एका उन्हाळ्यात एका डोहात भराव टाकून पक्का घाट बांधायचं ठरत होतं. डोह वाचतो की बुजतो, हे आमच्या नकाशावर होतं. आणि नकाशा म्हणाला, इथं महाशीरला जागाच नाही! घाटाची सरकारी बैठक दुसऱ्या दिवशी. मी रडकुंडीला आले. बाई संगणकाच्या पडद्याकडं बघत बसल्या, मग कपाळावर हात मारून जे हसत सुटल्या! "अगं, माझे पाय टेकले तिथवरच मोजलंय आपण. मधला सगळा डोह संगणकानं उथळ धरला!" खरंच होतं. बाई पुढं, आम्ही मागं. त्या थांबल्या की आम्हीही थांबायचो.

दुसरं कुणी असतं तर गुपचूप आकडे सावरले असते. बाई भरल्या बैठकीत उभ्या राहिल्या. "साहेब, नदीची खोली मी माझ्या उंचीवर ठरवली. चूक माझी, शिक्षा माशांना कशाला? थोडी मुदत द्या." लोक हसले. पण मुदत मिळाली.

मग आम्ही सखाराममामांच्या चप्पूवर, म्हणजे मासेमारीच्या थर्माकोलच्या तराफ्यावर, बसलो. "बाई, हलू नका," मामा म्हणाले, "नायतर मासा ऱ्हाईल बाजूला, आपुनच तळाला जाऊ." बाईंची नखं माझ्या दंडात रुतलेली, डोळे गच्च मिटलेले. मी वजन बांधलेली दोरी सोडत होते. "आकडा मोठ्यांदा सांग," त्या म्हणाल्या, "डोळे उघडायची माझी छाती नाही." डोह लई खोल निघाला. बाकी नदी आटली की मासे तिथंच तग धरत होते. घाट पुढं सरकला, डोह राहिला.

निवृत्तीनंतर बाई लेकीकडं नागपूरला गेल्या. दर उन्हाळ्यात फोन यायचा. "कशी आहेस" वगैरे काही नाही, थेट "डोहात पाणी किती?" चुकलं तर चुकलं म्हणायची लाज वाटू नये, हे मी त्यांच्याकडून घेतलं. त्या ऋणातून मला मोकळं व्हायचंही नाही.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. यंदा फोन येणार नव्हता, तरी मी चप्पूवर बसले. दोरी तळाला टेकली. आकडा कसाबसा पुटपुटले.

मामांनी वल्हं थांबवलं. "मोठ्यांदा सांग की, पोरी," ते म्हणाले, "बाईंचे डोळे मिटलेलेत."