बाबा पीत नव्हते

"हंटिंग्टन्स डिसीजची शंका आहे," पनवेलचे न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदू आणि नसांचे डॉक्टर, म्हणाले. "हा आजार आईला किंवा वडिलांना असेल, तर प्रत्येक मुलाला व्हायची शक्यता निम्मी असते."

हे चार महिने आधीच कळलं असतं. उशीर त्यांनी नाही केला, मी केला.

पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात मी आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवते. वीस वर्षांत माझी रेघ हलली नव्हती. यंदा बुबुळ एकीकडे आणि पापणी भलतीकडे! मग घरी कपबश्या हातातून सुटायला लागल्या. बोटं आपोआप उडायची. याला कोरिया म्हणतात, मनाविरुद्ध होणारी हालचाल.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं, "वडील कशाने गेले?" मी फाडकन सांगितलं, "दारूने." इतकी सवय झालेली.

बाबांनी आयुष्यात एक थेंब घेतला नव्हता.

माझं माहेर रोह्याजवळ, वरसे गावात. बाबा कंपनीत शिफ्टला जायचे. चाळिशीत त्यांची चाल बिघडली, तोंड वेडंवाकडं व्हायला लागलं. 'पिऊन येतो' म्हणून गेटवरून परत पाठवायचे, शेवटी काढूनच टाकलं. पोरं त्यांच्यामागे झोकांड्या खात चालायची. आणि आई? तीच लोकांना सांगू लागली, "पितात, काय करनार!" बेवड्याच्या मुलीचंही लग्न जमतं. घराण्यात आजार आहे म्हटलं की कोणी दारात उभं राहत नाही. मला पेणमधल्या रामवाडीचं हे सासर त्या खोट्यावर मिळालं.

बाबांना पुढे धड बोलताही येईना, मग खोडणार कसं? शाळेतून येताना ते दिसले की मी दुसऱ्या गल्लीने जायचे. सगळं ठाऊक असून.

तर, माझ्या त्या एका शब्दामुळे डॉक्टर दुसरीकडेच शोधत बसले. थायरॉइडची तपासणी झाली, व्हिटॅमिनची झाली, मन शांत राहायच्या गोळ्या झाल्या. एमआरआय झाला, म्हणजे बोगद्यासारख्या यंत्रात झोपवून काढलेला मेंदूचा फोटो. चौथ्या भेटीत त्यांनी मला खोलीभर चालवून पाहिलं आणि म्हणाले, "वडिलांचं पुन्हा एकदा सांगा. नीट आठवून." मी सगळं सांगितलं. नवरा शेजारच्या खुर्चीत होता, त्यालाही तेव्हाच कळलं. पेण येईपर्यंत तो एसटीच्या खिडकीबाहेर बघत राहिला.

जेनेटिक टेस्टसाठी रक्त दिलंय. आईबापाकडून काय उतरलंय ते त्यात कळतं. रिपोर्टला काही आठवडे लागतील. "हालचाल औषधाने कमी करता येते, आजार थांबवता येत नाही," डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

मी आईकडे गेले. माझ्या लेकीचं लग्न ठरत आलंय, हे तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, "पोरीचं जमतंय ना? मग गप बस गो. थायराइड हाय म्हनून सांग."

"आणि उद्या तिला झालं तर?"

"तवा बघू. तुला उजवली ना मी?"

"मला उजवलीस, बाबांना मात्र जिवंतपणी मातीत घातलंस!" मी ओरडले. ती रडली. मला तिची दया आली नाही, अजूनही येत नाही.

तुम्ही कुणी अशाच रिपोर्टची वाट पाहत बसला असाल, तर एवढंच सांगते. डॉक्टरसमोर घराण्याची अब्रू सांभाळू नका. आम्ही सांभाळली आणि एका माणसाचं वाटोळं केलं.

घरी आल्यावर लेकीला समोर बसवलं. बावीस वर्षांची आहे. आजोबांचं सांगितलं, माझं सांगितलं. मला निघालं तर तिलाही निम्मी शक्यता, हेही सांगितलं. "पाहुण्यांना सांगायचं की नाही ते तू ठरव," म्हटलं, "पण मला कोणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

आता ही लग्नाचं विचारेल, नाहीतर मला शिव्या घालेल, असं वाटलं. माझी उडणारी बोटं तिने हातात धरली.

"आई, तुला भीती वाटते का गं?"

"खूप," म्हटलं, आणि हमसून हमसून रडले.

बाबांना आमच्या घरात हे कुणी एकदाही विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.