सोनबाने बसवलेली नळी

मोशीच्या सोनबाचं मन औतापेक्षा यंत्रात जास्त रमायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो देहूरोडला लष्कराच्या वर्कशॉपात लागला आणि लढाई सरली तेव्हा मोटारीची सगळी विद्या हातात घेऊन बाहेर पडला. तिथंच त्याची उद्धवरावाशी गाठ पडली. उद्धवराव बीडकडचा, बोलण्यात पटाईत. दोघांनी चिंचवडला मुंबई रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड टाकली. उद्धवरावानं गिऱ्हाईक सांभाळायचं, सोनबानं गाडीखाली शिरायचं. सोनबा नसला की उद्धवराव बारदानाचे गठ्ठे बांधायच्या तारेनं काहीबाही बांधून वेळ मारून न्यायचा. सोनबाची बायको अंबुबाई दोघांचीही भाकर एकाच फडक्यात बांधून द्यायची. उद्धवराव तिला वहिनी म्हणायचा आणि दिवाळीला न चुकता लुगडं आणायचा.

महाळुंग्याच्या यशवंतरावांनी, सगळे त्यांना अण्णा म्हणत, लष्कराच्या लिलावात एक जुनी व्हॅन घेतली होती, पुण्याला दूध न्यायला. सकाळी ती बरी पळायची. ऊन चढलं की वाटेतच मान टाकायची. मग ड्रायव्हर हिंदुराव बॉनेट उघडून ओली फडकी घालत बसायचा आणि मागं दूध नासायचं.

सोनबा खाली शिरला आणि त्याला दुखणं कळलं. पेट्रोलची नळी कुणीतरी जवळची वाट म्हणून सायलेन्सरच्या अंगावरून नेली होती. नळीतलं पेट्रोल तापायचं, त्याची वाफ व्हायची, इंजिन उपाशी मरायचं. त्यानं सगळी नळी उपसली आणि चासीच्या पलीकडच्या अंगानं नवी तांब्याची नळी फिरवली. लांबचा वळसा पडला, पण थंडाव्यातून. इंजिन थरथरतं तिथं रबरी तुकडा जोडला, ओढ बसू नये म्हणून थोडा सैल ठेवला. चासीला भोकं पाडून पट्ट्या आवळल्या. लोखंडानं तांबं झिजू नये म्हणून प्रत्येक पट्टीखाली बापाच्या मोडक्या मोटेचं कातडं कापून घातलं.

"एवढं कशापाई?" हिंदुरावानं विचारलं.

"नळी गाडीबरोबर हालली पायजे, गाडीवर घासली न्हाई पायजे," सोनबा म्हणाला.

व्हॅन ऐन वैशाखात न थांबता पुण्याला जाऊ लागली. यशवंतराव जातील तिथं सोनबाचं नाव सांगू लागले.

पुढच्या साली मेव्हण्याच्या लग्नाला सोनबा जुन्नरकडे गेला. परतला तो गॅरेजपुढं माणसं जमलेली. यशवंतराव रागानं लाल झाले होते. व्हॅन इंद्रायणीच्या पुलाअलीकडे पेटली होती. दुधाच्या किटल्या बाहेर ओढताना हिंदुरावाचे दोन्ही हात भाजले होते.

"नळीचं काम कुणाचं?" यशवंतरावांनी विचारलं.

उद्धवराव सोनबाकडे न बघता बोलला, "अण्णा, नळीला हात सोनबाच लावतो. मी त्यातलं काही करत नाही."

सोनबाला वाटलं, चुकलं असंल आपलंच. एखादी पट्टी ढिली राहिली असंल. माझ्यामुळं हिंदुरावाचे हात भाजले. दुसऱ्या दिवशी तो पुलापाशी गेला आणि जळक्या सांगाड्याखाली शिरला.

त्यानं पाडलेली भोकं तशीच होती. पट्टी एकाही भोकात नव्हती. काळी पडलेली, घासून फुटलेली जुनी नळी सायलेन्सरच्या अंगानं, त्या जुन्याच जवळच्या वाटेनं गेली होती आणि बारदानाच्या तारेनं बांधलेली होती. सोनबा तिथंच उताणा पडून राहिला. गॅरेजात ती तार कोण वापरतो, हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं.

गॅरेजात येऊन सोनबानं विचारल्यावर उद्धवरावानं फार आढेवेढे घेतले नाहीत. "पुण्याचा टॅक्सीवाला अडून बसला होता. तसली नळी कुठं मिळतेय सध्या? व्हॅन ब्रेकसाठी आली होती, तिची काढून दिली, तिला जुनी परत बांधली. म्हटलं, तू येईपर्यंत निभावेल."

"आन् अण्णांपुढं माझं नाव?"

"तू इथला माणूस आहेस, सोनबा. तुला ते माफ करतील. मला उपऱ्याला कोण करील?"

सोनबा तडक महाळुंग्याला गेला. यशवंतरावांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता भागीदारावर ढकलतोस व्हय?" त्यांनी उठून आत जाताना मागं पाहिलंही नाही.

तिथून तो हिंदुरावाकडे गेला. हातांना फडकी गुंडाळून हिंदुराव बाजेवर बसला होता. सोनबानं काही विचारायच्या आत तोच बोलला.

"मी म्हनालो हुतो उद्धवरावाला, सोनबाची नळी काढू नका म्हनून. तर म्हणला, सोनबाला विचारूनच करतोय. पेट्रोलचा वास येत हुता, सोनबा. पर तुझं नाव घेतलं ना त्यानं, म्हनून मी बिनघोर गाडी काढली."

नळी काढली ते सोनबानं कदाचित पोटात घातलं असतं. आपल्या नावावर विसंबून एक माणूस आगीत गेला, आणि ते नाव उद्धवरावानं तारेच्या तुकड्यासारखं वापरलं, हे त्याला कुठंच ठेवता येईना. तो ओसरीवर बसून रडला. हिंदुरावाला त्याच्या खांद्यावर हातही ठेवता येत नव्हता.

सोनबानं आपली पाने-हत्यारं उचलली आणि मोशीत घरापुढं काम सुरू केलं. उद्धवरावाचं गॅरेज चांगलं चाललं. चाकणच्या रस्त्यावर मात्र बरीच वर्षं 'गाडी जाळणारा सोनबा' हेच नाव फिरत राहिलं. पुढं हात बरे होऊन कामावर परतल्यावर हिंदुरावानं मालकाला खरं सांगितलं, पण तोवर लोकांच्या तोंडी बसायचं ते बसलं होतं.

तेव्हापासून काम झालं की सोनबा मालकालाच गाडीखाली शिरायला लावायचा. "बघून घ्या, नळी कुठनं गेली, कशानं धरलीय. उद्या बदलली तर कळंल." कुणी हसायचं, कुणी कपडे मळतील म्हणून कुरकुरायचं. सोनबा त्याशिवाय चावी देत नसे. एका सकाळी यशवंतराव नवा ट्रक घेऊन दारात आले. झाल्याची माफी न मागता त्यांनी गाडी तेवढी पुढं केली. काम संपल्यावर धोतराचा काचा मारून खाली शिरले आणि बराच वेळ बघत राहिले.

अंबुबाईनं चहा आणून ठेवला. सोनबानं तो त्यांना दिला, आपण मात्र त्यांच्याबरोबर प्यायला बसला नाही.