अप्पांच्या गालावरचे खड्डे

“ह्यो माणूस माझा न्हाई,” म्हातारीनं फ्रेम माझ्या हातात परत दिली.

तिचा मुलगा बिराप्पा कोळारच्या कारखान्यात कामाला. रजा टाकून त्यानं आईला कमलनगरहून माझ्या भालकीच्या स्टुडिओत आणलं होतं. तिची आठवण विरत चालली होती. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा एकच जुना फोटो होता, तो मी मोठा करून दिला. निदान अप्पांना तरी तिनं विसरू नये, एवढंच बिराप्पाचं म्हणणं.

“माय, अप्पाच हाईत की हे!”

“कामून खोटं बोलायलास? ह्याचं तोंड तर लोण्यावानी हाय.”

मी मान खाली घातली. तो फोटो मीच काढलेला, नवशिका असताना. तेव्हा आम्ही निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे डाग झाकायचो. त्याला रिटचिंग म्हणतात. अप्पांच्या गालांवर देवीचे व्रण होते. ते मी न विचारता घालवले, आणि वर खूशही झालो. म्हातारी विसरली नव्हती.

दोघांना खरं सांगून टाकलं. बिराप्पा हसला. “अण्णा, तुमी तर माझा बापच बदलला की!”

मला हसू आलं नाही. आठ दिवस मागून घेतले.

फोटो फिका करून कॅनव्हासवर छापला. म्हातारीला काय काय आठवतं ते विचारलं. गालांवर भिंतीला लावतात त्या लांबीचा थर देऊन काडीनं खड्डे पाडले. खांद्यावर अप्पांच्याच घोंगडीचा तुकडा चिकटवला. जे तिला आठवेना, तिथं कोळशाची पुसट रेघ. फोटो, कापड, रंग असं एकत्र केलं की त्याला मिक्स्ड मीडिया म्हणतात.

बिराप्पानं चित्र पाहिलं. “अण्णा, डोळे अर्धेच कामून?”

“मायला तेवढेच आठवायलेत.”

त्यानं चित्र मायपुढं धरलं. म्हातारीनं गालावर बोट फिरवलं, खड्ड्याखड्ड्यातून.

“आत्ता आलास व्हय? भाकर गार झाली की,” ती चित्राला म्हणाली. मग माझ्याकडे बघून बिराप्पाला विचारलं, “आन् ह्यो कोण?”

आता कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं की चेहरा गुळगुळीत होतो. मी आधी विचारतो, डाग ठेवू की काढू? बहुतेक जण काढा म्हणतात. काढतो. मूळ फोटो मात्र वेगळा जपून ठेवतो, नावानिशी.