चौथा खवला

बाबांचं कपाट आवरताना फॉर्मॅलिनची एक बरणी उघडली आणि त्या झोंबऱ्या वासाबरोबर जतजवळची ती सकाळ डोळ्यांपुढे आली. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. सांगलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे बाबा विंचू गोळा करायला मला घेऊन जीपनं तिकडे गेले होते. एका वस्तीवर चार-पाच जण काठ्यांनी साप झोडपत होते, रक्ताचे शिंतोडे त्यांच्या धोतरांवर उडाले होते. तो साप ज्याला चावला होता तो तरुण मात्र कट्ट्यावर चहा पीत हसत होता. "दुखत न्हाई, सूज न्हाई. कवड्या हाय, इख नसतंय त्याला. दवाखाना कशाला?" सापाच्या पाठीचा चेंदामेंदा झाला होता. तरुणाच्या थोरल्या भावानं धोंडा उचलला. "डोकं ठेचल्याबिगर डूख धरंल ह्यो!" "अहो थांबा, आता डोक्यावरूनच जात कळेल!" असं ओरडत बाबांनी निपचित सापाच्या डोक्यावर पंजा धरला आणि धोंडा त्या पंजावर आदळला. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. "खुळं हाय का काय मास्तर!" भाऊ किंचाळला. बाबांनी दुसऱ्या हातानं सापाचा खालचा ओठ पाहिला; चौथा खवला सगळ्यांत मोठा होता. "मण्यार आहे. ही चावली की दुखत नाही, श्वास बंद पडतो. गाडी काढा!" सांगलीच्या वाटेवरच त्या तरुणाच्या पापण्या मिटू लागल्या, पण तो वाचला. बाबांची दोन बोटं कायमची वाकडी राहिली. परवा त्यांचे हात छातीवर ठेवताना ती सरळ करून पाहिली, मग तशीच राहू दिली.