दारात न आलेली दोरी

मी ठाण्याजवळचं बाळकुम सोडलं ते खाडीत गुडघाभर पाण्यात उभा राहून. विमान दुसऱ्या दिवशीचं होतं, पण आमच्या कोळीवाड्यात माणूस निघतो तो पाण्यातूनच. ओहोटी लागली होती. कुवेतसाठी शिवलेली नवी पँट मांडीपर्यंत दुमडून मी हातातली ओली दोरी चुलतभावाला, दामूला दिली. तो होडीतून वाकला, दोरी घेतली आणि मनगटाला दोन वेढे दिले. काठावरून आई बोलली, "जातंस तं जा, पन जागा मोकली सोरू नको."

खाडीत प्रत्येक घराची जाळं बांधायची जागा ठरलेली असायची. पाण्यात रोवलेले दोन खांब आणि मध्ये जाळं. खांबाची दोरी ज्याच्या हातात, जागा त्याची. घरातला कर्ता माणूस आजारी पडला किंवा बाहेरगावी गेला तर नातलग त्याची जागा राखायचा, कारण एक हंगाम मोकळी राहिली की पलीकडच्या गावचा कुणीतरी येऊन आपलं जाळं बांधून मोकळा व्हायचा.

हे लिहितोय ते बाळकुमला मागे राहिलेल्या तुम्हा लोकांसाठी. आणि कुवेतच्या त्या खोलीत बिछान्याला बिछाना लावून झोपलेल्या तुम्हा दोस्तांसाठीही. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी कुणीतरी जागा राखली असेल. त्या माणसाचा तुम्हाला किती राग यायचा, हे तुम्ही बायकोलासुद्धा सांगितलं नसेल. मी सांगतो.

तेव्हा ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. जाळ्यात मासळीपेक्षा घाण जास्त येत होती, आणि ठाण्यातल्या ज्या कारखान्यात मी फिटर होतो तोही बंद पडला होता. कुवेतला एसी दुरुस्तीचं काम मिळालं. मुदीर म्हणजे साहेब, कफील म्हणजे हमी घेणारा मालक, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, हे शब्द महिन्याभरात तोंडात बसले. काही बिघडलं की "खल्ली वल्ली" म्हणायचं, म्हणजे जाऊ दे, हेही शिकलो. पण सुनंदाची, माझ्या बायकोची, निळी पत्रं यायची तेव्हा खल्ली वल्ली म्हणता यायचं नाही.

दामूभावजींनी पावसाआधी कौलं चाळली. दामूभावजींनी आईंना डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. जयू पोहायला शिकली, दामूभावजींनी शिकवलं. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी तेच वाक्य, "इकडची काळजी करू नये, दामूभावजी आहेत." त्या एका वाक्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. माझ्या पोरीला पोहायला मी शिकवणार होतो. तिचं पोट हातावर तोलून धरायचं आणि नकळत हात काढून घ्यायचा, हे मी मनातल्या मनात शंभरदा केलं होतं.

वाईट शंका मला कधी आली नाही. सुनंदावर माझा विश्वास होता, आणि दामू बिनलग्नाचा असला तरी भोळा माणूस होता. पण माझ्याशिवाय माझं घर नीट चाललं होतं. निदान एखादं कौल तरी गळायला हवं होतं, निदान आईनं तरी लिहायला सांगायला हवं होतं की तुझ्यावाचून अडतंय. नव्हतं अडत. मी जळत होतो, दुसरा शब्द नाही.

मग नव्वद सालच्या ऑगस्टमधल्या एका सकाळी खाली रस्त्यावर इराकचे रणगाडे आले.

आमच्या इमारतीचा मालक अबू सालेम नावाचा म्हातारा होता. तरुणपणी तो खजूर भरलेल्या गलबतावरून मुंबईला यायचा, भाऊच्या धक्क्याजवळ महिना महिना राहायचा, त्यामुळे माझ्याशी हिंदीत बोलायचा. मला मोरेश्वर म्हणता येत नाही म्हणून 'मोरे' म्हणायचा. त्या दिवशी तो जिन्याच्या पायरीवर अनवाणी बसला होता. मला म्हणाला, "मोरे, मदद को कोई आएगा?"

"आएगा चाचा, सब आएंगे," मी धीर द्यायचा म्हणून दिला.

त्यानं रस्त्यावरच्या रणगाड्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "आएगा तो जाएगा कब?"

पुढे बसनं बगदाद, मग अम्मानच्या अलीकडे वाळवंटातले तंबू, पाण्यासाठी रांगा, घरी कळवायला काही साधन नाही. तुमच्यातले काही जण बरोबर होतात, तुम्हाला ते सांगायला नको. मी तंबूत पडल्या पडल्या म्हाताऱ्याचा प्रश्न घोळवत असायचो. खरं तर त्याच्या देशाची काळजी मला थोडीच होती. माझ्या डोळ्यांसमोर बाळकुमची खाडी होती, आणि दामूच्या मनगटाला दोरीचे दोन वेढे.

मुंबईला उतरलो तेव्हा हातात एक पिशवी आणि महिन्याभराची दाढी. बाहेर दामू उभा होता. तो किती दिवस रोज विमानतळावर येत होता ते नंतर कळलं. माझा लग्नातला फोटो घेऊन तो बाहेर पडणाऱ्या प्रत्येक माणसाला दाखवायचा, हा दिसला काय म्हणून. त्यानं मला मिठी मारली आणि लहान पोरासारखा रडला. पण मी त्याच्याकडे बघतच नव्हतो. जयू त्याच्या पाठीमागे लपली होती. नऊ वर्षांची माझी पोर, माझ्या दाढीला घाबरून त्याचा सदरा मुठीत धरून उभी. त्या मुठीचा मला जेवढा हेवा वाटला तेवढा आयुष्यात कशाचाच वाटला नाही.

घरी आल्यावर मी दोरीची वाट बघू लागलो. जागा परत कशी देतात ते मला ठाऊक होतं, लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. माझे वडील बरेच दिवस अंथरुणाला खिळून होते, तेव्हा दामूच्या बाबांनी आमची जागा राखली होती. मग एक दिवस काका दोरी घेऊन आमच्या दारात आले, उंबऱ्यावर उभे राहून त्यांनी ती आईच्या हातात दिली. दोरीतून पाणी टपकत होतं. मी सहा वर्षांचा असेन. आई रडत होती, पण त्या दिवसांत ती रोजच रडायची. त्यानंतर जागा परत करायची वेळ मी कधी पाहिली नाही, कारण आमच्यातून इतकी वर्षं लांब जाऊन परत आलेला पहिला माणूस मीच होतो. तर काकांनी आणली तशी दामूनंही दोरी दारात आणायला हवी होती. मी तोंडानं का मागू? ज्याची जागा त्यानं हात पसरायचे?

दामू रोज ओहोटीला माझ्या जागेवर जाळं बांधत होता. रोज आमच्या वाट्याची मासळी दारात येत होती. मासळी यायची, दोरी यायची नाही. येता जाता तो म्हणायचा, "येस ना रं खारीवर," आणि मला वाटायचं, स्वतःचा थाट दाखवायला खाडीवर बोलावतोय.

जानेवारीत तिकडे लढाई सुरू झाली. आमच्या देवळाच्या कट्ट्यावर रोज सकाळी पेपरवाचन चालायचं. निवृत्त मास्तर मोठ्यानं वाचायचे आणि सगळा कोळीवाडा सेनापती व्हायचा. मास्तरांचं मत होतं की बाहेरच्यांनी रसद तोडावी, पण दुसऱ्याच्या भांडणात बंदूक उचलू नये. वाणी म्हणायचा, आलेच आहेत तर थेट बगदादपर्यंत जाऊन मुळासकट उपटा. मी ऐकायचो आणि मला कुवेतचासुद्धा हेवा वाटायचा. एवढासा देश, पण हाक मारली तर अर्धं जग आरमार घेऊन धावलं. आमच्या खाडीत कारखान्यांचं पाणी घुसलं तेव्हा एक हवालदार फिरकला नव्हता.

एका सकाळी मास्तर म्हणाले, "मोरेश्वर, तू तिथला. तू सांग, मदतीला येणाऱ्यानं कुठवर जावं?"

दामू कट्ट्याच्या टोकाला जाळं विणत बसला होता. मी त्याच्याकडे बघत म्हणालो, "घुसलेल्याला हाकलावं आणि त्याच दिवशी माघारी फिरावं. एक दिवस जास्त थांबला तर मदत करणारा तरी वेगळा कसला? तोही घुसखोरच."

मी कुणाबद्दल बोलतोय ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. दामूनं मान वर न करता विचारलं, "आनि घरवालाच घ्यायला आला नाय तं? त्यानं खांब सोरून निगून जायाचा?"

"घरवाल्याचं घरवाला बघेल," मी म्हणालो.

त्याचं वाक्य मी नीट ऐकलं असतं तर पुढची वर्षं वाचली असती. पण मला फक्त त्याची हिंमत दिसली. कुवेत मोकळं झालं, तरी आलेली सगळी सैन्यं काही घरी गेली नाहीत, हे पेपरात वाचून मला आसुरी आनंद झाला. बघा, मी म्हणत होतो. अबू सालेमचं काय झालं ते मला कधीच कळलं नाही आणि खरं सांगायचं तर मी विचारलंही नाही.

त्याच वर्षी मी बिऱ्हाड डोंबिवलीला हलवलं. दोन खोल्या, खाली एसी-फ्रिज दुरुस्तीचं दुकान. सुनंदा टेम्पोत बसेपर्यंत रडली. जयू माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. आई म्हणाली, "मी खारी सोरून येनार नाय," आणि राहिली. डोंबिवलीत सगळं होतं, शाळा, दवाखाना, सकाळी दारात दूध. वाऱ्याबरोबर एमआयडीसीचा वास यायचा, खाडीचा नाही. जयू प्रत्येक सुट्टीत बाळकुमला पळायची आणि सावळी होऊन, दामूकाकाच्या गोष्टी घेऊन परत यायची. आईला भेटायला मी जायचो ते मागच्या गल्लीतून, म्हणजे बंदरावर दामू दिसायला नको.

अशी चार वर्षं गेली. एका दुपारी आईजवळ बसलो होतो. रस्त्याच्या पलीकडे इमारतींचे पाये खणायला सुरुवात झाली होती, त्यावरून कुणाकुणाच्या जमिनी गेल्या ते बोलणं निघालं. मी बोलून गेलो, "जमिनीचं काय घेऊन बसलीस. आपल्या रक्ताच्या माणसानं खाडीतली जागा गिळली. शेवटपर्यंत दोरी दारात आणली नाही."

"दारान?" आई म्हणाली. "दारान कशाला आनंल दोरी? तू काय मेलंस?"

मला कळेना.

"मेलेल्या मानसाची दोरी दारान येते रं. तुजा बा गेला तवा आनली होती. जित्या मानसानं आपल्या पायानं पान्यान उतरायचा आनि होरीवरून घ्यायची." मग डोळ्याला पदर लावून तिनं बाकीचं सांगितलं. "तुजा पत्ता नव्हता तवा गाववाले त्याला बोलले, दामू, दोरी म्हातारीला नेऊन दे आता. तो सगल्यांशी भांडला. बोलला, मी नेनार नाय, मोरू येनार हाय. आनि तू आलास, पन पान्यापर्यंत आलास नाय. आमाला वाटला, कुवेतवाल्याला चिखलाची लाज वाटते."

मी चप्पल न घालताच बंदरावर गेलो. ओहोटी लागलेली होती. दामू होडीत वाकून जाळं सोडत होता, केस अर्धे पांढरे झालेले. मी पँट दुमडायचंही विसरलो. गुडघ्यापर्यंत चिखलपाणी आलं तेव्हा त्यानं वर पाहिलं. हातातलं जाळं ठेवलं, खांबावरची दोरी सोडवली आणि माझ्यासमोर धरली.

"चार वरसा लागली तुला बंदरावर यायला," तो म्हणाला. "कुवेतशी बी लांब हाय काय?"

मी दोरी घेतली आणि तो माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. मला माफी मागता आली नाही. आजपर्यंत आली नाही. इथे लिहून मागतो आहे.

मदतीला आलेल्यानं कुठवर जावं, याचं उत्तर मास्तरांना आता मी त्या दिवसासारखं देणार नाही. सैन्यं म्हणजे दामू नव्हेत, ती कशासाठी थांबतात ते सगळ्या जगाला ठाऊक आहे, आणि अबू सालेम भीत होता त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. पण माझ्या घरापुरतं सांगतो. जो थांबला होता तो मला मेलेला मानायला तयार नव्हता म्हणून थांबला होता, आणि त्याला मी भर कट्ट्यावर घुसखोर म्हणालो.

हेवा गेला असं समजू नका. दहावी पास झाल्यावर जयू पेढे घेऊन पहिल्यांदा कुणाकडे पळाली, ते मी सांगणार नाही.

त्या दुपारी दोरी माझ्या हातात होती. जाळ्याच्या त्या जागेत आता फारसं काही लागत नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. डोंबिवलीला दुकान होतं, संध्याकाळी गिऱ्हाईक यायचं होतं. मग पहिल्यांदा निघालो होतो तसाच मी पाण्यात उभा राहून ती दोरी पुन्हा त्याच्या हातात दिली. त्यानं मनगटाला दोन वेढे दिले.

आता घर कुठलं म्हणून कुणी विचारलं तर मी बाळकुम सांगतो. राहतो डोंबिवलीत. पण दोरी दामूकडे आहे, अजून दारात आलेली नाही.