अडकलेल्या ओळीच्या पुढची ओळ

आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात त्याला सगळे 'रीस्टार्ट' म्हणत. कुणाचाही संगणक अडला की तो दारातूनच विचारायचा, "बंद करून परत चालू केलात का?" दहातले सात तेवढ्यानेच सुधारत. उरलेल्या तिन्हींसाठी तो खुर्ची ओढून बसे. नाव चिडवण्यासाठी पडलं होतं, पण त्याने ते मनाला लावून घेतलं नाही. फोन उचलला की स्वतःच म्हणायचा, "बोला, रीस्टार्ट बोलतोय."

मूळ भरती आवक-जावक लिपिकाची. दुसऱ्याच वर्षी त्याने टाचणीने एक प्रिंटर दुरुस्त केला आणि तिथेच फसला. महिन्याभरात त्याचं टेबल मशीनच्या खोलीत गेलं, ते पुन्हा बाहेर आलं नाही. पद मात्र लिपिकाचंच राहिलं.

ती खोली पूर्वी पाण्याचे मीटर ठेवण्यासाठी होती. नऊ फूट बाय सात. खिडकी नाही. वर एक झरोका आणि त्यात बंद पडलेला पंखा. भिंतीवर जुन्या मांडण्यांचे आकडे अजून रंगवलेले होते. त्याची खुर्ची बरोबर चौदा नंबरच्या खाली असायची. समोर ते जुनं मशीन. शहरात जमिनीखाली कुठल्या रस्त्याला कोणता व्हॉल्व्ह आहे आणि तो किती फेऱ्यांत बंद होतो, याचे सगळे नकाशे त्यात होते. ज्या प्रोग्रॅममध्ये ते काढले होते तो नव्या संगणकांवर उघडत नसे. कुठे पाइप फुटला की रीस्टार्ट दोन मिनिटांत कागद काढून देई आणि फिटर तो घेऊन धावत सुटे. कार्यालयाला मशीन हवं होतं, आणि मशीनला हा.

त्याची बायको शिक्षिका. नऊ वर्षांपूर्वी तिला दुसऱ्या गावच्या शाळेत कायम नोकरी लागली. बसने सात तासांवर. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. ती आईबरोबर गेली, आणि हा इथे एका खोलीत राहिला. महिन्यातून दोनदा घरी जायचा. मुलगी सायकल शिकली ते त्याने फोनवर ऐकलं. बायको फोन हातात धरून मागे धावत होती. आधी घंटी वाजली, मग धडपडल्याचा आवाज आला, मग, "बाबा, पडले बरं का!" हे त्याने आम्हाला इतक्या वेळा सांगितलं होतं, की ते आमच्याच डोळ्यांसमोर घडल्यासारखं वाटे.

त्या गावच्या कार्यालयात बदली मिळावी म्हणून त्याने चार अर्ज केले. फाइल वर जायची आणि थांबायची. तो माझ्या टेबलाशी येऊन विचारी, "साहेब, कुठवर आलं?" मी अधीक्षक, फाइलींचा सगळा प्रवास माझ्याकडे. मी सांगे, "मोठ्या साहेबांकडे आहे." ते खरंच होतं. फाइल त्यांच्याच टेबलावर असायची. मोठ्या साहेबांच्या नावाने सगळं कार्यालय बोटं मोडायचं.

पाचव्या अर्जाला यश आलं. मी तेव्हा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी तीन आठवडे रजेवर होतो आणि माझ्या जागी बसलेल्या माणसाने फाइल पुढे पाठवली होती. आदेशात एक अट होती. मशीन चालू स्थितीत नव्या ऑपरेटर बाईंच्या ताब्यात द्यायचं आणि शुक्रवारी कार्यालय सुटण्याआधी कार्यमुक्त व्हायचं. तसं न झाल्यास तिकडची जागा यादीतल्या पुढच्या माणसाला.

गुरुवारी वस्तूंची पडताळणी झाली. ताबा देणारा माणूस पडताळणीला हजर नसावा असा नियम आहे, म्हणून रीस्टार्टला मी सामान बांधायला घरी पाठवलं. तिघांची समिती, त्यात मी. यादीत मशीनच्या आतले भागही लिहिलेले होते. नववा क्रमांक होता, 'स्कॅनरचे कार्ड, बसवलेले, एक'. भांडारपालाने मशीन उघडलं तर कार्ड आत नव्हतं. टेबलाच्या खणात एका पाकिटात सापडलं. पाकिटावर फक्त सहा वर्षांपूर्वीची तारीख. यादीत 'बसवलेले' असं लिहिलेलं होतं. मी भांडारपालाला ते बसवायला सांगितलं. त्याने रिकाम्या खाचेत बसवलं, झाकण लावलं, आणि झाकणावर आम्ही कागदी पट्टी चिकटवून तिघांनी सह्या केल्या. यादी जुळली. मशीन चालू करून पाहण्याचा रकाना यादीत नव्हता.

शुक्रवारी दहाला रीस्टार्ट बॅग आणि गुंडाळलेली गादी घेऊनच आला. बस साडेपाचची होती. त्याने मशीन सुरू केलं. पहिलं चित्र आलं आणि तिथेच थिजलं.

"बंद करून परत चालू केलंत का?" ऑपरेटर बाईंनी विचारलं आणि सगळे हसले. तोही हसला.

अकरा वाजेपर्यंत हसणं थांबलं होतं.

"आता सेफ मोड," तो बाईंना म्हणाला. "म्हणजे काय, घरात पाहुण्यांची गर्दी झाली की आपल्याला काही सुचत नाही. मग सगळ्यांना बाहेर काढायचं आणि फक्त घरच्यांनी पानावर बसायचं. अगदी गरजेपुरतंच सुरू होतं."

काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर उतरल्या. प्रत्येक ओळ म्हणजे सुरू झालेल्या एकेका भागाचं नाव. अर्ध्याच्या थोडं खाली येऊन त्या थांबल्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"घरचेसुद्धा बसायला तयार नाहीत," बाई म्हणाल्या.

त्याने प्रिंटर काढला, नेटवर्कची वायर काढली, माउससुद्धा काढला. वीज तोडून बटण दाबून धरलं. मागच्या वेळी जसं नीट सुरू झालं होतं तसंच सुरू हो, असं सांगणारा पर्यायही वापरला. प्रत्येक वेळी त्याच ओळीवर घोडं अडायचं. बाई कागदावर रेघा ओढत होत्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकोणीस रेघा झाल्या. डबा त्याने उघडलाच नाही.

दोन वाजता तो माझ्याकडे आला. शर्ट पाठीला चिकटला होता.

"साहेब, बाहेरून करण्यासारखं सगळं करून झालं. आत बघायला हवं. ती पट्टी काढायची परवानगी द्या."

"पट्टी काढली की पडताळणी रद्द. समिती पुन्हा बसवावी लागेल आणि तिचे अध्यक्ष बुधवारपर्यंत गावाला गेलेत."

"बुधवारी माझी जागा दुसऱ्याची झालेली असेल."

"नियम काही मी केलेला नाही."

"नियम नाही, पण पट्टीवर सही तुमचीच आहे." एवढं कडू तो अठरा वर्षांत बोलला नव्हता. मग लगेच आवाज खाली आणून म्हणाला, "बरं, एवढं तरी सांगा. काल आत काही नवीन बसवलं का कुणी?"

"नवीन काहीही नाही," मी म्हणालो.

भांडारपाल तिथेच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, खिशातलं पेन काढलं आणि उगाचच त्याचं टोपण घट्ट केलं. मी खोटं बोललो असं मला तेव्हा वाटलंच नाही. कार्ड यादीत पहिल्यापासून होतं. जे यादीत आहे ते नवीन कसं?

सव्वातीनला मी मशीनच्या खोलीकडे गेलो. हातात एक पत्र होतं. मशीन चालू स्थितीत नसल्याने कार्यमुक्त करता येत नाही, असा मजकूर. त्याची पोच म्हणून सही घ्यायची होती. दारापाशी आलो तर आत फोन चालू होता. हात मोकळे राहावेत म्हणून त्याने फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला होता.

"बाबा, निघालात?"

"निघतोय गं."

"मागच्या वेळीपण निघतोयच म्हणाला होतात."

"या वेळी गादीसुद्धा बांधलीये. आईला विचार हवं तर."

मग बायकोचा आवाज आला. "आता काय अडलं?"

"मशीन."

"तुमचं दर वेळी काहीतरी अडतंच. कधी फाइल, कधी पाइप, आज मशीन. अहो, तिने दारावर तुमच्या नावाची पाटी लावलीये, स्वतः रंगवून. ती मला उतरवायला लावू नका."

"करतो काहीतरी," तो म्हणाला आणि फोन ठेवला. मशीन पुन्हा एकदा सुरू केलं. ओळी तिथेच येऊन थांबल्या.

ऑपरेटर बाईंना राहवलं नाही. पडद्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हाच मेला सगळ्याचं मूळ. याला काढून टाकता येत नाही का?"

"सगळे तसंच समजतात," तो म्हणाला. "ज्याचं नाव दिसतंय तो बिचारा सुरू झालाय, म्हणून तर त्याचं नाव आलं. अडवणारा त्याच्या पुढचा. तो अडकून बसलाय म्हणून त्याचं नाव पडद्यावर येतच नाही. शिव्या मात्र याला."

मी दारातच थांबलो.

नऊ वर्षं मोठ्या साहेबांचं नाव दिसत होतं. फाइल त्यांच्याकडे जाण्याआधी तिच्यावर टिपण मी लिहीत होतो. चारही वेळा मजकूर तोच. 'सदर कर्मचाऱ्यास सोडल्यास नकाशांची यंत्रणा बंद पडेल, सबब विनंती मान्य करणे सोयीचे नाही.' मोठे साहेब खाली फक्त सही करत. सोय कुणाची, हे मी कधी लिहिलं नाही. पाइप फुटला की मला शांत बसता येत होतं, ती सोय.

आणि त्याच वेळी नववा क्रमांकही आठवला. स्कॅनर कधीच भंगारात गेला होता. चालणारं कार्ड कुणी उगाच काढून सहा वर्षं पाकिटात ठेवत नाही.

गप्प राहणं अगदी सोपं होतं. बुधवारी समिती बसली असती, पट्टी निघाली असती, कार्ड निघालं असतं, मशीन सुरू झालं असतं. रीस्टार्ट इथेच राहिला असता. माझ्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते, तेही निवांत गेले असते. हातात पत्र तयार होतं. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

मी टेबलाकडे परत गेलो, पेन्सिल टोकायचं ब्लेड घेतलं आणि येऊन ती पट्टी माझ्या सहीवरूनच कापली.

"साहेब, अहो!" रीस्टार्ट उठून उभा राहिला.

"उघडा. स्कॅनरचं कार्ड आत आहे. काल मी बसवायला लावलं."

त्याने झाकण काढलं. कार्ड उपसून टेबलावर ठेवलं, झाकण न लावताच बटण दाबलं. ओळी उतरू लागल्या. नेहमीच्या ओळीपाशी आल्या आणि तिच्याखाली आणखी एक आली, मग आणखी एक, मग पडदा भरला. त्याने पुन्हा एकदा मशीन बंद करून नेहमीसारखं सुरू केलं आणि पहिला नकाशा काढून बाईंच्या हातात दिला.

"हे कार्ड घातलं की मशीन रुसतं. पण स्कॅनर तर भंगारात गेला, साहेब."

"कार्ड गेल्याची नोंद नव्हती."

तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला आणि हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. बाई नकाशा भांडारपालाला दाखवायला गेल्या. आम्ही दोघेच उरलो.

"तुम्ही आता बाईंना सांगितलंत ना, पुढच्या ओळीचं," मी म्हणालो. "तुमची फाइल मोठ्या साहेबांकडे अडत नव्हती."

"ठाऊक आहे." तो सुटलेला स्क्रू शोधत होता. "तिसऱ्या वेळी टिपण छापताना तुमचा प्रिंटर अडकला होता. कागद मीच ओढून काढला, सरळ केला, पुन्हा छापून तुम्हाला दिला."

तो दिवस मला आठवत होता. 'साहेब, आली प्रिंट,' असं म्हणून तो गेला होता. त्याने वाचलं नसेल असं मी धरून चाललो होतो.

"मग प्रिंटर दुरुस्त कशाला केलात?"

"बिघडला होता म्हणून." त्याने स्क्रू बसवला. "आणि त्यानंतर सहा वर्षं तुम्हाला विचारत आलो, कुठवर आलं. म्हटलं, एखाद दिवशी सांगाल."

यादीवर खाडाखोड मी आयुष्यात चालू दिली नव्हती. नवव्या क्रमांकावर रेघ मारून मी बाजूला सही केली. नोंदवहीत 'पट्टी मी स्वतः कापली' असं कारणासह लिहिलं. मोठ्या साहेबांनी पुढच्या आठवड्यात लेखी खुलासा मागितला, तो मी दिला. त्या शुक्रवारी चार वाजून चाळीस मिनिटांनी रीस्टार्टच्या हातात कार्यमुक्तीचं पत्र होतं. बॅग खांद्याला अडकवून आणि गादी काखेत मारून तो निघाला. पाया वगैरे पडला नाही, ते बरंच झालं. दारातून बाईंना म्हणाला, "काही अडलं तर..."

"बंद करून परत चालू करते," बाई म्हणाल्या. "पळा आता, बस चुकेल."

सोमवारी दुपारी माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"रीस्टार्ट बोलतोय. हजर झालो, साहेब. इथल्या खोलीला खिडकी आहे." एवढंच बोलून त्याने फोन ठेवला.

ते कार्ड माझ्या खणात आहे. निवृत्ती जवळ आल्याने मी माझ्याच टेबलाची ताबा यादी करायला घेतली आहे. पेन्सिली, शिक्के, ब्लेड, सगळं लिहून झालं. कार्ड आता कुठल्याच यादीत नाही, त्यामुळे ते कुणाच्या ताब्यात द्यायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.